लाल दहशत लेनिनवर लादली गेली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

लेनिनवरच्या माझ्या लेखाला तुम्ही लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोन दिवसांत तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लाल दहशत, म्हणजे क्रांतीनंतर लेनिनच्या बोल्शेविक पक्षाच्या सरकारनं विरोधकांविरुद्ध चालवलेलं अटका आणि गोळ्या घालण्याचं सत्र, ही लेनिनची निवड नव्हती, ती परिस्थितीनं त्याच्यावर लादली. बाहेरून परकी सैन्यं घुसलेली, आतून झारचे सेनापती उठलेले, खुद्द त्याच्यावर गोळ्या झाडलेल्या. बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या श्वेत सेनेच्या कत्तलींबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आणि खरा संहार स्टालिनचा, तो लेनिनच्या माथी मारणं म्हणजे भांडवलदारांची भाटगिरी.

श्वेत सेनेबद्दल तुमचं बरोबर आहे. सप्टेंबर 1919 मध्ये श्वेत सेनापती देनिकिनच्या सैनिकांनी कीव्हजवळच्या फास्तोव्ह गावात हजाराहून अधिक ज्यू मारले, घरं जाळली, बायकांवर अत्याचार केले. ते एकच गाव नव्हतं. लेनिनवर लिहिताना हे गाळलं की वाचकाला युद्धाचं अर्धंच चित्र मिळतं. तो परिच्छेद मी आज लेखात घातला आहे.

भाटगिरीचा आरोप मात्र मनाला लागला. माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. 1974 च्या संपात ते होते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत लेनिनचा फोटो होता, आणि मॉस्कोत छापलेली गुळगुळीत कागदाची स्वस्त पुस्तकं हीच माझी पहिली पुस्तकं. मी हे सगळं लेनिनला विटाळण्यासाठी वाचायला बसलो नव्हतो. वडिलांचं ज्याच्यावर एवढं प्रेम होतं, त्यानं नेमकं काय केलं हे मला कळायला हवं होतं. आणि वाचताना मी अडलो तो रेल्वे कामगारांपाशीच.

7 नोव्हेंबर 1917 ला बोल्शेविकांनी राजधानी पेट्रोग्राड ताब्यात घेतलं. (तारखा नव्या कॅलेंडरच्या देतोय.) दुसऱ्या दिवशी सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या, काँग्रेसनं फाशीची शिक्षा रद्द केली. आधीच्या हंगामी सरकारच्या केरेन्स्कीनं आघाडीवर ती पुन्हा आणली होती आणि बोल्शेविकांनीच तिच्याविरुद्ध रान उठवलं होतं, त्यामुळे हा ठराव मनापासूनचा होता. लेनिन त्यावर भडकला, असं त्याचा सहकारी ट्रॉट्स्की यानंच पुढे लिहून ठेवलंय. त्याच आठवड्यात रेल्वे कामगार संघटनेची अखिल रशियन कार्यकारिणी, तिचं रशियन संक्षिप्त नाव विकझेल, पुढे आली. तिची मागणी साधी होती : सगळ्या समाजवादी पक्षांचं मिळून सरकार करा, भावाभावांतलं हे युद्ध थांबवा, नाहीतर देशभर गाड्या बंद. बोल्शेविक नेता कामेनेव्हनं वाटाघाटी सुरू केल्या. लेनिनला त्या फक्त वेळ काढण्यापुरत्या हव्या होत्या. पक्षातल्या ज्यांना समझोता खरोखर हवा होता, त्यांना त्यानं निर्वाणीचा इशारा दिला.

17 नोव्हेंबरला, म्हणजे क्रांतीला जेमतेम दहा दिवस झाले असताना, कामेनेव्ह, झिनोव्हिएव्ह, रिकोव्ह, नोगिन आणि मिल्युतिन केंद्रीय समितीतून बाहेर पडले. रिकोव्ह गृहखातं सांभाळत होता, नोगिन व्यापार-उद्योग, मिल्युतिन शेती. त्यांनी मंत्रिपदंही सोडली, अन्न खात्याच्या तिओदोरोविचनंही सोडलं. त्यांच्या निवेदनात लिहिलंय की सोव्हिएतमधल्या सगळ्या समाजवादी पक्षांचं सरकार झालं नाही, तर एकच मार्ग उरतो : निव्वळ बोल्शेविक सरकार राजकीय दहशतीच्या जोरावर टिकवणं.

'राजकीय दहशत' हे शब्द त्यांचे आहेत, माझे नाहीत. कुठल्या लंडनच्या वर्तमानपत्राचे नाहीत, शंभर वर्षांनंतरच्या शहाणपणाचेही नाहीत. तेव्हा एकही परकी पलटण क्रांती मोडायला उतरली नव्हती. लेनिनच्याच मंत्र्यांना पुढचा रस्ता दिसत होता आणि त्यांनी तो त्याच्या तोंडावर सांगितला.

यावर तुम्ही क्रास्नोव्हचं नाव घ्याल, आणि घ्यायलाच हवं. पेट्रोग्राडवर चालून आलेला हा कोसॅक सेनापती त्याच दिवसांत पकडला गेला. पुन्हा लढणार नाही या शब्दावर त्याला सोडलं, आणि त्यानं दक्षिणेत डॉन नदीच्या भागात जाऊन नवी फौज उभी केली. सुरुवातीचे बोल्शेविक रक्तपिपासू नव्हते, हे मला मान्य आहे. पण शत्रूच्या सेनापतीला शब्दावर सोडणारं हेच सरकार सत्तेच्या तिसऱ्या दिवशी विरोधी वर्तमानपत्रं बंद करण्याचा हुकूम काढत होतं. 20 डिसेंबरला जेर्झिन्स्कीच्या हाताखाली चेका, म्हणजे गुप्त पोलिस यंत्रणा, उभी राहिली. देशाची घटना लिहायच्या संविधान सभेच्या निवडणुकीत चार कोटींहून अधिक लोकांनी मतं दिली. बोल्शेविकांना साधारण चोवीस टक्के, शेतकऱ्यांचा पाठिंबा असलेल्या सोशालिस्ट रिव्होल्यूशनरी पक्षाला चाळीसच्या आसपास मिळाली. मोठ्या शहरांतला कामगार बोल्शेविकांबरोबर होता, हे खरं. पण ती संविधान सभा 18 जानेवारी 1918 ला एकदाच बसली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या सभागृहाला कुलूप लागलं. तिच्या बाजूनं निघालेल्या मोर्चावर गोळ्या चालल्या, त्यात कामगार मेले. लेनिनचा जुना मित्र, लेखक गॉर्की यानं आपल्या वर्तमानपत्रात त्याची तुलना झारच्या 1905 च्या गोळीबाराशी केली. गॉर्की! त्याला कोणाचा भाट म्हणायचं?

त्यानंतर श्चास्त्नी. बाल्टिक आरमाराच्या या प्रमुखानं 1918 च्या वसंतात हेलसिंकीहून बर्फ फोडत दोनशेच्या वर जहाजं क्रोनश्टाटला आणली, जर्मनांच्या हाती लागू दिली नाहीत. जूनमध्ये त्याच्यावर देशद्रोहाचा खटला चालला. साक्षीदार एकच, ट्रॉट्स्की. 22 जूनला त्याला गोळ्या घातल्या. काँग्रेसनं रद्द केलेली शिक्षा कोर्टाच्या निकालानं परत आली ती अशी. तिच्याविरुद्ध कडाडून लिहिलं मार्तोव्हनं. 1895 मध्ये पीटर्सबर्गमध्ये लेनिनबरोबर कामगारांची संघटना बांधणारा, मग त्याच्याबरोबर 'इस्क्रा' हे वर्तमानपत्र काढणारा हाच तो मार्तोव्ह. जुन्या मित्राच्या राज्यात त्याला जागा उरली नाही. 1920 मध्ये त्यानं देश सोडला आणि 1923 मध्ये तो जर्मनीत वारला.

लेनिनवरच्या गोळ्यांनी दहशत सुरू झाली, हे तुमचं वाक्य तारखांपुढे टिकत नाही. गोळीबार 30 ऑगस्ट 1918 चा, लाल दहशतीचं फर्मान 5 सप्टेंबरचं, आणि त्या दिवसांत एकट्या पेट्रोग्राडमध्ये पाचशेवर ओलीस मारले गेले. पण पेन्झा प्रांतातल्या साथींना लेनिननं स्वतः पाठवलेला आदेश 11 ऑगस्टचा आहे. कमीत कमी शंभर कुलकांना, म्हणजे सधन शेतकऱ्यांना, जाहीर फाशी द्या, लोकांना दिसेल अशी. त्यांची नावं छापा, सगळं धान्य काढून घ्या, ओलीस धरा. त्याच्या अंगाला तोवर गोळी लागली नव्हती. पेन्झाचे शेतकरी उठले होते ते धान्य उचलायला आलेल्या तुकड्यांविरुद्ध.

राहिला स्टालिन. 1937-38 या दोन वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणेच 6,81,692 माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. हा आकडा लेनिनच्या खात्यावर मांडू नये, इथपर्यंत आपण दोघं एक आहोत. पण बिनखटल्याची अटक, ओलीस, छावण्या, पक्षाला जाब विचारू शकेल अशा प्रत्येक संस्थेला लागलेलं कुलूप, हे सगळं स्टालिनला तयार मिळालं. त्या नोव्हेंबरात धोका ओळखणारी माणसं काही आठवड्यांत, महिन्यांत कामावर परतली आणि त्याच यंत्रणेत वर चढली. लेनिननंतर पंतप्रधान झाला तो रिकोव्हच. नोगिन 1924 मध्ये आजारानं गेला. कामेनेव्ह आणि झिनोव्हिएव्ह यांना 1936 मध्ये गोळ्या घातल्या, मिल्युतिन आणि तिओदोरोविच यांना 1937 मध्ये, रिकोव्हला मार्च 1938 मध्ये.