शेजारची रिकामी सीट

आज सकाळी कात्रज-शिवाजीनगर बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि खिडकीशी बसलेल्या एका आफ्रिकन मुलीच्या शेजारची सीट रिकामी. तीन कॉलेजच्या पोरी तिथेच दांडी धरून उभ्या. चौघींच्या गळ्यात आयकार्डची तीच निळी दोरी. स्वारगेट आलं, गेलं, कुणी बसेना. त्या मुलीने बॅग मांडीवर घेतली, अंग चोरून आणखी खिडकीला चिकटली. तरी नाहीच. शेवटी गर्दीतून वाट काढत जाऊन मी बसलो.

तेव्हापासून डोकं फिरलंय. एकाच कॉलेजच्या पोरी ना तुम्ही?

बी.एस्सी.ला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला माझा पार्टनर उस्मान होता, सुदानचा. १९९६ची गोष्ट. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी ब्युरेट धुताधुता त्याने विचारलं, दिवाळीत तुम्ही घरी काय करता? मी त्याला अभ्यंगस्नान, किल्ला, चकली, सगळं अगदी रंगवून सांगितलं. आणि सायकल काढून घरी गेलो. घर नारायण पेठेत, त्याच्या होस्टेलपासून दहा मिनिटांवर.

सुट्टीनंतर कळलं, मेस बंद होती. आठ दिवस त्याने पाव आणि केळी खाऊन काढले. आईला सांगितलं तर ती हातातलं काम टाकून म्हणाली, "अरे, मग घरी का नाही आणलास त्याला? एका पोराने आपलं काय संपलं असतं?"

मला ते सुचलंच नव्हतं.

फर्ग्युसनच्या होस्टेलवर काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या मुलाला एक मुलगी खिडकीतून जेवण देताना डॉ. शां. ब. मुजुमदारांना दिसली आणि त्यातून पुढे १९७१ साली सिंबायोसिस उभं राहिलं, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. सांगावंच. पण आज परदेशी पोरगं पुण्यात उतरलं की त्याला भेटतं कोण? एजंट, दुप्पट डिपॉझिट मागणारा घरमालक, आणि १४ दिवसांत एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयातली, नोंदणी करायची म्हणून कागदांची धावपळ. वर्गात गेलं तर ग्रुप आधीच पडलेले. प्रोजेक्टला यांना कुणी घेत नाही.

हो, तीही मुलं आपापल्यातच राहतात, मान्य. पण आपली तिकडे काय करतात? माझा भाचा डॅलसला गेला तेव्हा पहिले दोन महिने रोज रात्री ताईला फोन करून रडायचा, वर्गात कुणी बोलत नाही म्हणून. तेव्हा आपण सगळे तिकडच्या लोकांना माणुसकी नाही म्हणत होतो. मग आपल्याला आहे ना? दाखवा की!

त्या तिघींवर ओरडलो नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी. त्यांच्या वयाचा असताना मी तरी कुठे शहाणा होतो? पण घरी कुणी विचारतं का यांना, तुझ्या वर्गात बाहेरची मुलं आहेत का, सुट्टीत ती कुठे जातात? माझ्या आईने विचारलं होतं. उशिरा का होईना, विचारलं.

उस्मान नंतरही माझ्याशी तसाच वागला. त्याची रीडिंग्ज माझ्यापेक्षा कायम अचूक यायची, जर्नल बिनबोभाट पुढे सरकवायचा. घर ओमदुरमानला, राजधानी खार्तूमच्या समोर, नाईलकाठी, एवढं एकदा बोलला होता.

एप्रिल २०२३मध्ये खार्तूममध्ये लढाई पेटली, तेव्हा मी इथेच फेसबुकवर त्याला शोधत बसलो होतो. उस्मान नावाची शेकडो माणसं आली. वर्गात सगळे त्याला 'सुदानी' म्हणायचे. तीन वर्षं शेजारी उभा राहिलो, पण त्याचं पूर्ण नाव मी कधी विचारलं नव्हतं.