‘कमी ताकदीचे वॉकी-टॉकी गळ्यात मारले’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

ताम्हिणी-दिवेआगर सहलीत आमच्याकडून भाड्याने नेलेल्या वॉकी-टॉकी सेटमुळे तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. चार नंबरच्या सेटची बॅटरी दुपारी दोनलाच बसली, ही चूक आमची. चार्जरवर हिरवा दिवा लागला म्हणून सेट दिला गेला. हिरवा दिवा व्होल्टेज भरल्याचं सांगतो, जुन्या बॅटरीत जीव किती उरलाय ते सांगत नाही. त्या सेटचं दोन दिवसांचं भाडं, ३०० रुपये, परत केलं आहे.

पण एक तारा देऊन तुम्ही पुढे लिहिलंय की सातपैकी दोन गाड्यांना सकाळपासून एक शब्द ऐकू आला नाही, पाच किलोमीटर सांगून अर्धा किलोमीटरही सेट चालत नाहीत, आणि ऑनलाइन याच पैशांत पाच वॅटचे विकत मिळतात. हे वाचून नवीन गिऱ्हाईक पायरीही चढणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या दोन गाड्या. आमच्या पावतीवर पाच सेट आहेत, सात नाहीत. उरलेल्या दोन गाड्यांत तुमचे स्वतःचे, अमेरिकेतून आणलेले सेट होते. परत देताना तुम्हीच ते काउंटरवर ठेवलेत. सर, ते आमच्या सेटशी जुळत नाहीत आणि जुळवताही येत नाहीत. आम्ही पाचही सेट चॅनेल ५, कोड १२ वर लावून दिले होते. तुम्ही तुमच्या सेटवरही ५ आणि १२ लावलंत, पडद्यावर आकडे सारखे दिसले, पण चॅनेलचा आकडा हे फक्त लेबल असतं, सेट बोलतो तो त्यामागच्या फ्रिक्वेन्सीवर. आमच्या सेटचं चॅनेल ५ म्हणजे ४४६.०५६२५ मेगाहर्ट्‌झ. अमेरिकन एफआरएस (तिथल्या घरगुती वॉकी-टॉकीचा प्रकार) सेटचं चॅनेल ५ म्हणजे ४६२.६६२५. मध्ये सोळा मेगाहर्ट्‌झहून जास्त अंतर. अशा वेळी सेट शेजारी-शेजारी धरले तरी एकमेकांचं ऐकणार नाहीत. शिवाय ते अमेरिकन सेट आपल्याकडे विनापरवाना वापरायचेही नाहीत. शुक्रवारी रात्री पावणेनऊला सेट नेताना ‘आमच्याकडे आणखी दोन आहेत’ एवढं जरी बोलला असतात, तर आम्ही आणखी दोन सेट दिले असते. दोन सेटचं भाडं वाचवलंत आणि त्या गप्प गाड्यांचा तारा आमचा कापलात.

आता ‘कमी ताकद’. हो, आमचे सेट अर्ध्या वॅटचे आहेत आणि त्यांची अँटेना बदलता येत नाही. हे आम्ही जाणूनबुजून ठेवलेत. २०१८च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात ठरलेल्या मर्यादेतले सेट परवान्याशिवाय वापरता येतात, तेही मॉडेलला डब्ल्यूपीसीचा, म्हणजे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचा, ईटीए (मॉडेलची मंजुरी) असेल तरच. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पाच वॅटचे सेट बहुतेक ४०० ते ४७० मेगाहर्ट्‌झमध्ये कुठेही लावता येतात आणि त्यांना परवाना लागतो. अशाच विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या. हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याचा मार्गही ताफ्याला उपयोगाचा नाही, कारण मग बोलणाऱ्या प्रत्येकाकडे तो परवाना हवा. स्वस्त सेट घेताना वॅट पाहण्याआधी पट्टा आणि ईटीए पाहावा, हे आम्ही आमचा माल खपवायला सांगत नाही.

आणि दहापट ताकद म्हणजे दहापट पल्ला नव्हे. मोकळ्या मैदानातसुद्धा जेमतेम तिप्पट. घाटात डोंगराची सोंड आडवी आली की तेवढाही नाही. खोक्यावरचे पाच किलोमीटर कंपनीने छापलेत, तेही मोकळ्या जागेचे. आमच्या मुलाने तुम्हाला ‘ताम्हिणीत एक किलोमीटरच्या आत राहा’ असं सांगितलं होतं. सात गाड्या शंभर-शंभर मीटरवर चालल्या तर पहिली ते शेवटची सहाशे मीटर होतात, म्हणजे हिशेब बसतो. वळणांमुळे तुटलंच, तर मधल्या गाडीने निरोप पुढे-मागे द्यायचा. सेट मात्र कप-होल्डरमध्ये ठेवून चालत नाही. या लहरींची लांबी ६७ सेंटिमीटर, त्या खिडकीतून बाहेर पडतात, पत्र्यातून नाही. सेट काचेच्या उंचीवर, अँटेना उभी, आणि हातात शेजारी बसलेल्याच्या, चालवणाऱ्याच्या नव्हे. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘उजवीकडे वळू नका’चं ‘वळू नका’ होतं.

एक गोष्ट लिहिणार नव्हतो. बॅटरीची चूक आमची म्हटलं ती आमचीच, पण चार नंबरचा सेट परत आला तेव्हा त्यावर व्हॉक्स, म्हणजे बटण न दाबता आवाजावर आपोआप प्रसारण सुरू होण्याची सोय, चालू होतं. आम्ही ते बंद करून, बटणं लॉक करून देतो. व्हॉक्स चालू असलं की गाडीतली गाणीसुद्धा बोलणं समजून सेट प्रसारण करत बसतो. चॅनेल अडतं, बाकीच्यांना मध्ये बोलता येत नाही, आणि बॅटरी लवकर संपते. तुम्ही लिहिलेली ‘सतत गाण्यांची खरखर’ बहुधा हीच. खरखरीचं दुसरं कारण लायटर सॉकेटमधला स्वस्त यूएसबी चार्जर असू शकतं. तो काढून पाहिला की लगेच कळतं.

यापुढे बॅटऱ्या ठरावीक काळाने बदलू, आणि सूचना मराठीत छापून सेटसोबत द्यायचाही विचार आहे. पुन्हा जाणार असाल तर कृपया आठच्या आत या, दहा मिनिटांत सगळे सेट रस्त्यावर लांब नेऊन दाखवता येतात. तुमचे ते दोन सेट सोबत आणू नका.

दोन नंबरच्या सेटची बेल्ट क्लिप परत आलेली नाही. तिचे पैसे डिपॉझिटमधून कापलेले नाहीत, गाडीत सापडली तर तेवढी पाठवा.