क्रियापद येईपर्यंत

सांगलीला सासरी गेलं, की चहा लगेच मिळतो. मामांच्या वाक्यातलं क्रियापद मात्र मिळता मिळत नाही. मामा म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य हळदीच्या अडतीत गेलेलं.

"जावईबापू," परवा भडंगाची ताटली पुढं सरकवत त्यांनी काढलं, "ते आपले पाटील, विश्रामबागेतले नव्हेत, ज्यांचा धाकटा आमच्याकडं हिशेबाला होता, 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा ज्यानं म्हैस माडीवर चढवली, तर त्या पाटलांनी नदीकाठची सगळी जमीन..."

आणि चहाचा घोट घेतला.

आता मेंदू काही वाक्य संपायची वाट बघत बसत नाही. 'पाटलांनी'तला 'नी' कानावर पडताच त्यानं ताडलं, पाटलांनी काहीतरी करून ठेवलंय. 'पाटलांना' असतं तर पाटलांचंच काहीतरी झालं असतं. मग जमीन आली. विकली? पोरांच्या नावावर केली? मी दाणे चावायचा थांबलो; त्या कुरकुरीत क्रियापद निसटायला नको.

1980 साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिल्यार्ड या मेंदूच्या अभ्यासकांनी लोकांच्या डोक्याला तारा लावून 'गरम पावावर त्यानं मोजे फासले' अशा थाटाची वाक्यं वाचायला दिली. मोजे दिसल्यावर साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूत ठळक विद्युतलहर उठली. तिला एन-400 म्हणतात. व्याकरण बिघडलं, तर 600 मिलिसेकंदांच्या सुमाराला वेगळीच उठते, पी-600. म्हणजे अर्थाची तक्रार एका खिडकीवर, व्याकरणाची दुसरीवर, आणि दोन्हींचा निकाल सेकंदाच्या आत! पण पुढचा शब्दच चहात बुडाला असेल, तर माणसानं कुठल्या खिडकीवर जायचं?

"...विकली," मामा म्हणाले.

'बरं झालं, दर पावसाळ्याचा घोर गेला' म्हणायला मी तोंड उघडलं. मामांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या.

"नाही."

आपल्याकडं नकार असा शेवटच्या बाकावर बसतो. तोवर मी मनात खरेदीखत करून, पैसे बँकेत टाकून मोकळा झालो होतो. सगळं उलटं फिरवावं लागलं.

"आणि त्यांच्या मेहुण्याला ती जमीन..."

"दिली नाही!" सासूबाई आतून कडाडल्या. त्यांना मामांचं वाक्य पहिल्या शब्दालाच कळतं.

"मग सांगा की तुम्हीच!" मामा फणकारले.

पदराला हात पुसत सासूबाई बाहेर येऊन बसल्या. "त्याचं काय झालं जावईबापू, पाटलांची थोरली सून, ती कोल्हापूरची, म्हणजे जिची मावशी आमच्या माहेरी शेजारी..."