‘एक रहिवासी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

रहिवासी भाऊ,

नाल्याकाठच्या नव्या टाऊनशिपमुळं पुराचं पाणी कुठं शिरतं, यावर मी लेख लिहिला, त्यावर तुमची प्रतिक्रिया रात्री पावणेबाराला आली. मुद्दाम सकाळपर्यंत थांबलो, रागाच्या भरात लिहिलं असं नको व्हायला. (राग आहेच थोडा.)

आधी माझी चूक. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला वर्धा नदीचा पूर आला, लेखात त्याची तारीख चुकली होती; पूर आला तो 31 नव्हे, 30 जुलै 1991 ला. दुरुस्त केलं, आभार. तिथं 204 माणसं गेली, त्याबद्दल मात्र तुम्ही अक्षर काढलं नाही.

आता तुमचं ते वाक्य : "स्वतःला प्लॉट घेता आला नाही म्हणून हा जळफळाट." भाऊ, तुमचं गेट आणि चौकीदाराची केबिन उभी आहे ना, ते आमचं वावर होतं. ‘खालचं वावर’ म्हणायचो. तिथं पऱ्हाटी (कपाशी) कधी लावली नाही, पाणी साचून मुळं सडायची. पावसाळा सरला की हरभरा टाकायचा, आला तर आला. 91 साली मी आठवीत होतो. पूर उतरल्यावर बाबांसोबत गेलो, तर धुऱ्यावरच्या बाभळीच्या बेचक्यात कडब्याची पेंढी अडकलेली. बाबांनी हात वर केला, पोचला नाही. शेवटी तुतारीनं, म्हणजे बैल हाकायच्या काठीनं, ओढून काढली. तुमच्या लेआउटला मुरमाचं भरण किती घातलंय? तीन फूट.

बाबा गेल्यावर काकांनी ते वावर विकलं. खरेदीखतावर माझीही सही आहे, बहिणीचं लग्न त्याच पैशात झालं. मूळ लेखात हे लिहिलं नव्हतं. तुम्ही उकरून काढण्याआधी मीच सांगतो. पण जळफळाट? विकणारा जळतो होय?

"सगळ्या मंजुऱ्या आहेत, निळ्या रेषेच्या बाहेर आहे." असेल. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. दोन्हींच्या मधे अटी घालून बांधकाम करू देतात. तुमचं जोतं लाल रेषेच्या वर आहे का, हे बिल्डरला विचारा, माझ्यावर कशाला डाफरता?

"मग मध्यमवर्गानं घर बांधायचं कुठं?" हा वेगळा विषय, इथं नको.

आणि नीट वाचलं असतं तर कळलं असतं, लेख तुमच्या घराबद्दल नव्हताच. तुमच्या सात फुटी कंपाउंडबद्दल होता. नाला पूर्वी आमच्या वावरात पसरायचा. आता भिंतीला थटतो आणि पलीकडच्या वस्तीत शिरतो. गेल्या पावसाळ्यात तिथल्या एका मावशींनी बाजेवर शेगडी मांडून भात शिजवला. त्या तुमच्याच टाऊनशिपमध्ये धुणीभांडी करतात. त्या दिवशी आल्या नाहीत, तर तुमच्या ग्रुपवर तक्रार पडली : "न सांगता दांडी, पगार कापा." स्क्रीनशॉट आहे माझ्याकडं. नाव खोडून ठेवलंय.