पहिल्या बेसपर्यंतचे ६० फूट

पन्नाशीनंतर पुन्हा सॉफ्टबॉल खेळा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण धावण्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यात, आणि आमचं घोडं नेमकं तिथंच पेंड खातं! मी छप्पन्न वर्षांचा, राहणार टिळकवाडी, बेळगाव. कॉलेजात शॉर्टस्टॉप या फिल्डिंगच्या जागेवर असायचो. गेल्या उन्हाळ्यात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जुने पाच-सहा जण जमलो. पहिलाच बॉल बॅटवर खणखणीत बसला. हात काही विसरला नाही, म्हणून खूश होऊन पळालो. पहिला बेस, म्हणजे बॉल मारल्यावर पळत गाठायचा पहिला टप्पा, ६० फुटांवर. निम्म्यात मांडीमागं कुणी दोरी तोडल्यासारखं झालं. तीन आठवडे कठडा धरून जिना. घरचे काय बोलले ते इथं लिहीत नाही.

आता आधी पंधरा मिनिटं चालणं, मग हळू पळणं, मगच बॅट. खेळतो तेही स्लोपिच, म्हणजे हळू बॉल टाकायचा प्रकार. बॉल कमान करून येतो, चष्म्याला वेळ मिळतो. पहिल्या बेसला मात्र जोडबेस ठेवाच, म्हणजे शेजारी-शेजारी दोन बेस, पांढरा फिल्डरचा, केशरी पळणाऱ्याचा. टक्कर टळते. आमचा केशरी बेस म्हणजे घडी घातलेलं जुनं पोतं, चालतंय की!

पावसाळ्यात तुम्ही लोक काय करता? आमच्याकडं जूनपासून सगळा लाल चिखल.