सागाच्या मुलखात प्लॅस्टिकचं जहाज: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. मी बनवत असलेल्या जहाजाच्या छोट्या प्रतिकृतीचे फोटो बघून "सुताराचा मुलगा, आलापल्लीच्या सागात वाढलेला, आणि जहाज प्लॅस्टिकचं? हा लाकडाचा अपमान आहे. फळ्यांमधल्या फटीही खोट्या वाटतात," असं तुम्ही लिहिलंत. पहिलं मला मान्य नाही. दुसरं मात्र तुम्ही अचूक पकडलंत.

मी जिची प्रतिकृती करतोय ती 'ट्रिंकोमली' सागाचीच युद्धनौका. मलबारच्या सागातून वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली, आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगत असलेली. सुरुवात मीही सागानेच केली होती. बाबांनी रंधा मारून पट्ट्या एक मिलिमीटरपर्यंत उतरवून दिल्या. पण नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर वाकवायला गेलो की पट्टी लाकडाच्या रेषेवर चिरायची. अकरा पट्ट्या वाया गेल्यावर बाबाच म्हणाले, "सोड बाप्पा याले. रेषेवर चिरतेच हे."

चिरण्यावर उपाय निघाला असता. खरी अडचण मापाची आहे. माझं प्रमाण १:२००. सागाचा ताजा कापलेला तुकडा उन्हात तिरपा धरून बघा, नुसत्या डोळ्यांना बारीक छिद्रं दिसतील. त्यातलं एक पाव मिलिमीटरचं धरा. दोनशेपट केलं की ते पाच सेंटिमीटरचं भोक होतं! तेवीस सेंटिमीटरच्या तोफा-डेकवर, म्हणजे तोफांच्या मजल्यावर, अशी शेकडो भोकं दिसली, तर ते लाकूड सागाचं वाटेल का? मी वापरतो त्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे स्टायरीनच्या, शीटला रेषाही नाही, छिद्रही नाही. कटरने एक ओरखडा मारून वाकवलं की कट्‌दिशी सरळ तुटते. सॉल्व्हंटचा ब्रश सांध्यावरून फिरवला की दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. एक मिलिमीटरच्या शीटचे आडवे साचे कण्यावर उभे केले, वर पट्ट्या चढवल्या, तोफांच्या खिडक्यांची जागा पट्ट्या बसवतानाच मोकळी सोडली. आणि आपल्याकडचं हवामान तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत आकसलेलं दार श्रावणात फुगून बसतं. सव्वा मिलिमीटर रुंदीची लाकडी फळी तेवढं कशी सोसणार?

आता तुमचा फटींचा मुद्दा. फळ्या दिसाव्यात म्हणून मी कटरने रेघा कोरल्या, आणि हात जड पडला. रेघा भरल्या पाव मिलिमीटरच्या. सागाला लावलेला हिशोब इथेही लागतोच: पाच सेंटिमीटरची फट. असं जहाज गोदीतच बुडालं असतं. खऱ्या जहाजात त्या सांध्यांत सुताचे पिळे ठोकून वरून डांबर ओततात, म्हणजे फट अशी उरतच नाही. फोटो टाकताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

डावी बाजू पुट्टीने भरून पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून काढली आहे. आता कोरत नाही. सुईच्या टोकाने जेमतेम ओरखडा ओढतो आणि फळ्यांना रंगाच्या दोन-तीन छटा देतो. उजवी बाजू अजून तशीच ठेवली आहे. रविवारी दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी शेजारी टाकतो. बघून सांगा, डावीकडच्या फळ्या आता पटतात का.