पाठीवर उंचवटे आले म्हणजे कासव बाळसं धरतंय, हे खरं नाही

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर कासवाच्या पिल्लाची तब्येत कशी ओळखावी, असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं : पाठीवरच्या प्रत्येक खवल्याला टोकदार उंचवटा आला की कासव बाळसं धरतंय. कवच टणक म्हणजे कॅल्शियम भरपूर. खवल्यावरची वलयं मोजली की वय कळतं. ताकदीसाठी पनीर, अंडं, डाळ द्या, कवचाला दर आठवड्याला खोबरेल चोळा, आणि थंडीत खाणं सोडलं तर ते शीतनिद्रेत आहे असं समजून हात लावू नका. सोबतचा फोटो आफ्रिकन सल्काटाच्या पिल्लाचा आहे, म्हणून त्याच जातीबद्दल लिहितो.

सगळ्यात घातक दावा उंचवट्यांचा, कारण त्यामुळे माणसं बिघाडाचंच कौतुक करत बसतात. कासवाचं कवच हे बरगड्या आणि मणका एकत्र येऊन झालेलं जिवंत हाड आहे. त्यावर केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांसारख्या पदार्थाचे खवले असतात आणि ते कडेकडेने वाढतात. निरोगी सल्काटाची पाठ बरीचशी गुळगुळीत, घुमटासारखी असते. प्रत्येक खवला वेगळा डोंगर होऊन वर आला, तर वाढीत काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

काय बिनसतं, यावर २००३ साली व्हिएन्नातल्या वीस्नर आणि इबेन या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सल्काटाची नुकती जन्मलेली ५० पिल्लं पाच महिने वेगवेगळ्या दमटपणात आणि कमीजास्त प्रथिनांच्या आहारावर वाढवली. कोरड्या हवेतल्या पिल्लांचे उंचवटे स्पष्टपणे मोठे निघाले, प्रथिनांमुळे मात्र किरकोळच फरक पडला. म्हणजे उंचवटे हे भरपूर खाण्याचं फळ नव्हे. मोठा वाटा कोरड्या हवेचा आहे.

यावर कोणीही विचारेल की ठाण्यात कपडे वाळत नाहीत, मग हवा कोरडी कुठली? खिडकीबाहेरची हवा दमट असते हे खरं, पण पिल्लू राहतं काचेच्या टाकीत. वाघबीळच्या एका घरात मी ती टाकी जवळून पाहिली. तळाला वर्तमानपत्र, वर दिवसभर पेटलेला गरम बल्ब, आणि खोलीत रात्री एसी. आत हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र ठेवलं तर आकडा पस्तीस टक्क्यांच्या आसपास. बाहेर पाऊस कोसळत होता. पिल्लाच्या पाठीवरचे मधले खवले शंकूसारखे वर आलेले आणि त्यांच्यामधल्या खाचा कोरड्या, काळपट. घरातले मात्र खूश होते, कारण मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं.

सल्काटा सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातला, म्हणून त्याला कोरडंच मानवतं असा समज आहे. पण तिथेही तो उन्हाच्या वेळी खोल बिळात असतो आणि बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. त्यामुळे पिल्लाच्या टाकीत ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हवं, लपायला ओलसर कोपरा हवा, आणि रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवायला हवं. पाणी हनुवटीच्या खालीच राहू द्या. दमट म्हणजे गार मात्र नव्हे. गार ओलाव्याने छाती भरते. आलेले उंचवटे सपाट होत नाहीत, पण पुढची वाढ नीट होऊ शकते. खवल्यांच्या मधल्या फिकट रेषा हीच ती नवी वाढ. तिला बुरशी समजून ब्रशने घासू नका.

आपल्याकडच्या स्टार कासवाच्या, म्हणजे पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेल्या कासवाच्या पाठीवर निसर्गतःच थोडे उंचवटे असतात. त्याचे फोटो पाहून सल्काटाची तुलना करू नका. शिवाय स्टार कासव २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. कोणाकडे असेल तर वन विभागाला १९२६ वर कळवा. सल्काटाचीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर नोंद करावी लागते.

कवचाच्या टणकपणाबद्दल मेसेज अर्धाच बरोबर आहे. अगदी लहान पिल्लाचं कवच किंचित लवचीक असतं, पण वर्षाच्या पिल्लाचं मऊ लागलं तर तातडीने डॉक्टर गाठायला हवा. उलट कवच टणक असूनही पिल्लू आतून सुकत चाललेलं असू शकतं. म्हणून चालताना पोट उचलून चालतं की घसटत, हे बघा. जबडा मऊ पडलाय का, कवचाच्या कडा वर वळल्यात का, डोळे खोल गेलेत का, हेही बघा. लघवीसोबत येणारा पांढरा पदार्थ मऊ असेल तर ठीक, खडूच्या चुऱ्यासारखा खरखरीत असेल तर पाणी कमी पडतंय. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला, खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. हळूहळू वाढत जाणारा आकडा मला कुठल्याही फोटोपेक्षा जास्त सांगतो. नेटवर मिळणारा लांबी-वजनाचा तक्ता भूमध्य सागराकडच्या कासवांसाठी बनवलेला आहे, तो सल्काटाला लावू नका.

नुसती कॅल्शियमची पावडर घालून हाड होत नाही, त्यासाठी डी३ जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांतून मिळतं. बाल्कनीच्या बंद काचेतून हे किरण आत येतच नाहीत. सकाळचं थेट ऊन द्या, बाजूला सावली ठेवा. काचेची टाकी उन्हात ठेवाल तर पिल्लू अर्ध्या तासातही भाजून मरू शकतं.

पनीर, अंडं, डाळ यांची गरज नाही. हा गवत खाणारा प्राणी आहे, त्याचं आतडं तंतूंवर चालतं. हराळी, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं द्या. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवतं. काकडी-टोमॅटोने पोट भरतं, पोषण होत नाही.

खोबरेलाने कवचाला काहीही मिळत नाही, धूळ चिकटते आणि खाचांत घाण साचते. वलयांचं म्हणाल, तर चांगलं खायला मिळालं की एका वर्षात अनेक वलयं पडतात, त्यावरून वय काढता येत नाही.

शीतनिद्रेचा सल्ला तर जीव घेणारा आहे. सल्काटा शीतनिद्रा घेतच नाही. जानेवारीत ठाण्यात पहाटे गारवा पडतो, टाकी थंड राहिली की पिल्लू मंदावतं, खाणं सोडतं. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, दिवसा मिटलेले डोळे ही श्वसनाच्या आजाराची लक्षणं आहेत. अशा वेळी वाट पाहू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर आजच शोधून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासवं तपासत नाहीत. जाताना वजनाची वही, टाकीचा फोटो आणि ताजी विष्ठा सोबत न्या.